सरकारी शिष्टमंडळं परदेशी जाऊन कारखाने आणतात, म्हणजे नक्की काय आणतात?

पाणचक्की

बातमीचा साचा एव्हाना सगळ्यांना पाठ असेल. देश कुठलाही घ्या. मोठ्या खुर्चीवरचा माणूस वीस-पंचवीस जणांना घेऊन विमानात बसतो, आठ दिवसांत चार शहरं उरकतो, प्रत्येक ठिकाणी दोन झेंड्यांच्या मधे बसून कशावर तरी सह्या करतो आणि परतल्यावर विमानतळावरच आकडा सांगतो. इतक्या अब्जांची गुंतवणूक, इतके हजार रोजगार. त्यातलं खरं किती झालं हे विचारायला कोणी उठेपर्यंत पुढचा दौरा ठरलेला असतो.

मीही हे सगळं थोतांडच समजत होतो. मग कोस्टा रिकाबद्दल वाचलं आणि अडखळलो. नव्वदच्या दशकात जेमतेम ३५ लाख वस्तीचा देश, निर्यातीत नाव होतं ते केळी आणि कॉफीचं. इंटेल कंपनी चिप जोडणी-तपासणीच्या कारखान्यासाठी जागा शोधत होती आणि यादीत ब्राझील, चिली, मेक्सिको यांच्यासारखे तगडे गडी होते. कोस्टा रिकाच्या गुंतवणूक संस्थेने पाठलाग सोडला नाही, राष्ट्राध्यक्ष फिगेरेस स्वतः वाटाघाटींत उतरले, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये इंटेलने ३० कोटी डॉलरचा कारखाना तिथे काढायचं जाहीर केलं. १९९८ मध्ये तो सुरूही झाला.

आता दुसरं टोक. जुलै २०१७. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य. फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या तैवानी कंपनीने थेट व्हाइट हाऊसमधून घोषणा केली: १० अब्ज डॉलर, १३ हजार नोकऱ्या. राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. २०२१ मध्ये करार नव्याने लिहावा लागला, तेव्हा आकडा उरला ६७.२ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्या.

दोन्हीकडे नेते उत्साही, दोन्हीकडे कंपनी नामांकित. मग माशी कुठे शिंकली? जाणकारांनी लिहावं. राजकीय धुणी इथे धुवू नयेत ही विनंती.

तिरकस

एकाला कारखाना हवा होता, दुसऱ्याला फोटो. उत्तर मिळालं. धागा बंद करायला हरकत नाही.

आकडेमोड

तिरकसराव, इतक्यात नको.

आधी एक घोळ निस्तरू. ‘व्यापारी शिष्टमंडळ’ या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एक, आपल्या कंपन्यांना घेऊन जायचं आणि त्यांचा माल तिथे खपवायचा. दुसरं, तिथल्या कंपन्यांना आपल्याकडे कारखाना काढायला बोलवायचं. दोन्हींचं यश मोजायची पट्टी वेगळी आहे, पण विमान एकच असल्यामुळे आकड्यांची भेळमिसळ होते.

पहिल्या प्रकाराचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘टीम कॅनडा’. नोव्हेंबर १९९४ मध्ये पंतप्रधान क्रेतिएन बहुतेक सगळ्या प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांना आणि शेकडो उद्योजकांना घेऊन चीनला गेले. अब्जावधी डॉलरचे करार झाल्याचं जाहीर झालं. नंतरही असे बरेच दौरे झाले. पुढे कीथ हेड आणि जॉन रीस या दोन कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये हिशेब मांडला. वरवर पाहता, जिथे दौरे झाले त्या देशांशी व्यापार जास्त दिसतो. पण तो दौऱ्याच्या आधीपासूनच जास्त होता! म्हणजे जिथे आधीच बरं चाललंय तिथेच मंडळी जात होती. हा भाग वजा केला तर दौऱ्यांचा म्हणून वेगळा परिणाम सापडला नाही.

भरतीच्या वेळी समुद्रावर जायचं आणि पाणी आपणच आणलं म्हणायचं.

दुभाष्या

माझं काम नावातच आहे. अशा बैठकांत मी बारा-तेरा वर्षं दोन्ही बाजूंचं बोलणं इकडून तिकडे केलंय. नावं-गावं सांगणार नाही, पण आतून हे कसं दिसतं ते सांगतो.

बैठक पाऊण तासाची असते. त्यातली पंधरा मिनिटं ओळखी आणि भेटवस्तू. दहा मिनिटं चित्रफीत, जी सगळ्याच देशांची सारखी असते: उंच इमारती, हसणारी मुलं, पांढरा डगला घातलेली मुलगी सूक्ष्मदर्शकात बघतेय. मग नेत्याचं भाषण. ‘आमच्याकडे तरुण मनुष्यबळ आहे, आमचं भौगोलिक स्थान मोक्याचं आहे.’ हे वाक्य मी इतक्या देशांच्या वतीने बोललोय की जगात मोक्याचं नसलेलं स्थान शिल्लकच नसावं.

उरलेल्या वेळात कंपनीचा माणूस एखादाच प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न म्हणजेच खरी बैठक. एकदा एका मध्यमवयीन अभियंत्याने विचारलं, “तुमच्याकडे वर्षातून किती वेळा आणि किती सेकंद वीज जाते?” तास नाही, सेकंद. त्यांच्या यंत्रात अर्धा सेकंद विजेचा दाब पडला की अख्खी खेप भंगारात. समोरच्या मंत्र्यांनी नवीन वीज प्रकल्पाचं उत्तर दिलं. किती मेगावॉट, उद्घाटन कधी. मी भाषांतर केलं. अभियंत्याने वही मिटली. कोणालाही कळलं नाही की बैठक तिथे संपली. पुढची काही मिनिटं सगळे छान बोलले, फोटो निघाला, आणि संध्याकाळच्या पत्रकात ‘सकारात्मक चर्चा’ असं आलं.

त्या मंत्र्यांच्या मागच्या रांगेत एक तरुण अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे ती आकडेवारी असावी असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण मागच्या रांगेने बोलायचं नसतं.

सावली

दुभाष्या, शेवटचा परिच्छेद फार आवडला. मागच्या रांगेत मीही खूप बसले आहे, वेगळ्या खात्यात.

जुनी_वही

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. एका उत्पादन कंपनीच्या वित्त विभागात, नव्या जागा निवडणाऱ्या गटात. ती कंपनी फार मोठी नव्हती, पण तीन वेळा परदेशात जागा निवडली, त्यामुळे प्रक्रिया जवळून बघितली.

पहिली गोष्ट, सुरुवात कोणाच्याही दौऱ्याने होत नाही. सुरुवात होते ती संचालक मंडळाच्या ‘क्षमता कमी पडतेय’ या कागदाने. मग पंधरा-वीस ठिकाणांची यादी, बहुतेक वेळा बाहेरच्या सल्लागाराने केलेली. त्यातून टेबलावर बसूनच दहा कटतात. कोणाला कळतही नाही की आपण यादीत होतो आणि कटलो. उरलेल्यांना एक लांबलचक प्रश्नावली जाते, तीही कंपनीचं नाव न सांगता. ‘प्रकल्प अमुक’ असं टोपणनाव असतं. जागेची मालकी कोणाची, मातीची भारवहन क्षमता, सांडपाणी कुठे सोडायचं, बंदरापर्यंत कंटेनरला किती तास, परवाने किती आणि कोणत्या क्रमाने. उत्तर यायला दोन आठवडे लागले की दोन महिने, हेसुद्धा आम्ही गुण देऊन मोजायचो. जे सरकार प्रश्नावलीला दोन महिने लावतं ते परवान्याला किती लावेल, असा साधा हिशेब.

दुसरी गोष्ट, गुप्तता. बातमी फुटली की जागेचे भाव चढतात, आपले जुने कामगार घाबरतात, स्पर्धक सावध होतो. त्यामुळे खरोखर निर्णयाच्या जवळ आलेली कंपनी शिष्टमंडळासोबत फोटोला उभी राहायला सहसा तयार नसते. जी हसतमुखाने उभी राहते ती एक तर निर्णय कधीच घेऊन बसलेली असते (मग दौऱ्याचा उपयोग घोषणेपुरता), नाहीतर तिला गुंतवणूक करायचीच नसते, फक्त ओळख ठेवायची असते.

सामंजस्य कराराबद्दल: मी जे वाचले त्या प्रत्येकात एक कलम होतं की हा दस्तऐवज कोणत्याही पक्षावर बंधनकारक नाही. रकमेच्या आधी ‘पर्यंत’ हा शब्द असायचा. ‘५० कोटींपर्यंत’. शून्यसुद्धा ५० कोटींच्या आतच येतं.

तिरकस

‘शून्यसुद्धा ५० कोटींच्या आतच येतं.’ हे वाक्य मी चोरणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पाणचक्की

जुनी_वही, मग नेत्याने जायचंच कशाला? मागच्या रांगेतल्या बाईंनाच पाठवा ना.

वाटसरू

उत्तर जुनी_वहींनी द्यावं, पण मधे एक गोष्ट सांगतो. सिंगापूरचं आर्थिक विकास मंडळ १९६१ मध्ये स्थापन झालं. तेव्हा जुराँगच्या दलदलीत भराव घालून औद्योगिक वसाहत बांधायला घेतली होती, आणि सुरुवातीची काही वर्षं तिथे चिटपाखरू फिरकत नव्हतं. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांच्या नावाने लोक त्याला ‘गोहचा वेडेपणा’ म्हणायचे. मंडळाचे लोक न्यूयॉर्क, शिकागो अशा ठिकाणी कार्यालय थाटून कंपन्यांची दारं ठोठावत राहिले. १९६८ च्या सुमारास नॅशनल सेमीकंडक्टर, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी चिप कंपन्या आल्या आणि मग ओघ लागला.

तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकी कंपनीची एक आठवण लिहून ठेवली आहे. कंपनीने एका सहामजली इमारतीचे वरचे दोन मजले घेतले होते. कंपनीचे एक संस्थापक ह्युलेट स्वतः बघायला येणार, आणि लिफ्टला लागणारा ट्रान्सफॉर्मर वेळेत बसत नव्हता. पाहुण्याला सहा जिने चढवायचे? मंडळाने शेजारच्या इमारतीतून एक जाडजूड केबल ओढून आणली. त्या दिवशी लिफ्ट चालली. कंपनीने गुंतवणूक केली.

आता यात नेता कुठे आहे? कुठेच नाही. पण ज्या कारकुनाने, अभियंत्याने ती केबल ओढायचं ठरवलं त्याला ‘नियमात बसत नाही’ म्हणून उद्या कोणी झापणार नाही, ही खात्री वरून आलेली होती.

जुनी_वही

वाटसरूंनी माझं अर्धं उत्तर दिलं.

नेत्याचा उपयोग दोन वेळा होतो. एक, यादी तीन-चारवर आली की. तेव्हा प्रश्न असा असतो की जमीन एका खात्याची, पाणी दुसऱ्याचं, रस्ता तिसऱ्याचा, यांच्यात भांडण झालं तर मिटवणार कोण? जो माणूस समोर बसून सांगतो की ‘मी’, त्याच्या शब्दाला वजन असतं. कोस्टा रिकात हेच झालं असावं. वीज पुरेल का हा इंटेलचा प्रश्न होता, त्यासाठी वेगळं उपकेंद्र उभारायचं ठरलं. तंत्रज्ञ पुरतील का, तर शिक्षणसंस्थांनी नवे अभ्यासक्रम काढले. चार खाती एका दिशेला ओढायची तर दोरी वरच्याच माणसाच्या हातात लागते.

दुसरी वेळ म्हणजे आधीपासून असलेल्या कंपन्यांकडे जाणं. याकडे कोणी बघतच नाही. परकीय गुंतवणुकीच्या आकड्यात नुसता नवा कारखाना नसतो. आधीच्या कंपनीने मिळवलेला नफा तिथेच परत घातला तर तोही मोजतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वी आलेल्या कंपनीचं गाऱ्हाणं ऐकणं हीसुद्धा गुंतवणूक आणणंच झालं. आमच्या कंपनीने दुसरा कारखाना जिथे पहिला होता तिथेच काढला. कारण? सीमाशुल्क खात्यातला एक तिढा तिथल्या गुंतवणूक कार्यालयाच्या माणसाने तीन दिवसांत सोडवला होता. त्याचं कौतुक कुठे छापून आलं नाही.

सावली

सगळं मान्य, पण आलेला कारखाना टिकतो का, हे कोणी बोलत नाही. मी जिथे राहत होते तिथे एक परदेशी कारखाना आला. आला तेव्हा ढोल वाजले. दहा वर्षांची करमाफी होती. अकराव्या वर्षी ‘जागतिक पुनर्रचना’ या नावाखाली कुलूप लागलं. माझे वडील त्यातल्या एका पुरवठादाराकडे होते, त्यामुळे बंद पडलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव आलंसुद्धा नाही. नुकसानभरपाई मुख्य कारखान्यातल्यांना. पुरवठादाराच्या लोकांना ‘फार वाईट वाटलं’ असं पत्र. ते पत्र आईने जपून ठेवलंय, का ते मला अजून कळलेलं नाही.

तिरकस

सावली, असंच नोकियाचं आहे. जर्मनीतल्या बोखुमला त्यांचा कारखाना होता, सरकारी अनुदान घेतलेला. २००८ मध्ये बंद केला, सुमारे २,३०० नोकऱ्या गेल्या, काम रुमानियातल्या क्लुजला नेलं. जर्मन राज्य सरकारने अनुदान परत मागितलं, भांडणं झाली, शेवटी २ कोटी युरोवर तडजोड. इकडे क्लुजमध्ये काय आनंद! तोही कारखाना २०११ मध्ये बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं, काम आशियात. क्लुजचा आनंद तीन वर्षं टिकला.

आणि आयर्लंडमधलं लिमरिक. डेल या संगणक कंपनीने २००९ मध्ये तिथलं उत्पादन पोलंडला हलवलं, सुमारे १,९०० लोक घरी. पोलंडने त्यासाठी डेलला अनुदान दिलं होतं आणि युरोपीय आयोगाने ते त्याच वर्षी मंजूरही केलं. मग लिमरिकच्या बेकारांना मदत म्हणून पैसे दिले ते कोणी? युरोपीय संघाच्याच दुसऱ्या निधीने. एका खिशातून काठी, दुसऱ्यातून मलम.

ही सगळी शिष्टमंडळं एकमेकांच्याच नोकऱ्या पळवताहेत. जगात एकही नोकरी वाढत नाही, फक्त गाव बदलतं.

वाटसरू

आयर्लंडचं उदाहरण अर्धंच दिलंत. १९८९ मध्ये इंटेल तिथे आली त्याआधीची गोष्ट. कंपनीची शंका होती की चिप बनवायचा अनुभव असलेले अभियंते तुमच्याकडे आहेतच कुठे? खरंच नव्हते, परदेशी गेले होते. आयर्लंडच्या गुंतवणूक संस्थेने काय करावं? बाहेर काम करणाऱ्या आयरिश अभियंत्यांना गाठून मुलाखती घेतल्या: योग्य नोकरी मिळाली तर परत याल का? बहुसंख्य ‘हो’ म्हणाले. ती उत्तरं कंपनीपुढे ठेवली. चित्रफीत नाही, भाषण नाही. शंका होती, तिचं उत्तर शोधून आणलं. तो कारखाना आजही चालू आहे.

आणि ‘फक्त गाव बदलतं’ हेही पुरतं खरं नाही. कोस्टा रिकात इंटेलने २०१४ मध्ये जोडणीचं काम हलवायचं ठरवलं, सुमारे १,५०० नोकऱ्या गेल्या. पण तोवर तिथे वैद्यकीय उपकरणांचा धंदा रुजला होता. आज तीच त्यांची सर्वात मोठी निर्यात आहे. पाहुणा गेला तरी त्याच्यासाठी घासून-पुसून घेतलेलं घर राहिलं.

तिरकस

वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्याही परदेशीच ना? त्याही उद्या जातील. असो, अभियंत्यांच्या मुलाखतींचं मान्य. ते डोकं होतं.

आकडेमोड

गुंतवणूक आणण्याच्या कामाबद्दलचा पुरावा दौऱ्यांपेक्षा बरा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हार्डिंग आणि यावोर्चिक या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये १२४ देशांची माहिती तपासली. देशाच्या गुंतवणूक संस्थेने जी क्षेत्रं मुद्दाम निवडून पाठपुरावा केला, तिथे अमेरिकी गुंतवणूक इतर क्षेत्रांच्या दुपटीहून जास्त आली. पण हा परिणाम दिसला तो विकसनशील देशांत. श्रीमंत देशांत नाही. आणि जिथे भाषा-संस्कृतीचं अंतर जास्त, लाल फीत जाड, तिथे जास्त. हे पटण्यासारखं आहे. जिथली माहिती सहज मिळत नाही तिथेच माहिती देणाऱ्याला किंमत.

लक्षात घ्या, हा अभ्यास कार्यालयाचा आहे, विमानाचा नाही. बारा महिने बसून एकाच क्षेत्राच्या मागे लागणारं कार्यालय.

आता परकीय गुंतवणुकीच्या आकड्यांची गंमत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०१९ च्या एका अंदाजानुसार जगातल्या एकूण परकीय थेट गुंतवणुकीपैकी ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे १५ लाख कोटी डॉलर, निव्वळ कागदी आहे. रिकाम्या कंपन्यांतून पैसा जातो, कर वाचवतो आणि पुढे सरकतो. सहा लाख वस्तीच्या लक्झेंबर्गमध्ये अमेरिकेइतकी परकीय गुंतवणूक दिसते! आयर्लंडचं तर २०१५ मध्ये एका वर्षात सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) २६ टक्क्यांनी वाढलं. लोकांच्या खिशात काही नाही, काही बड्या कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे आणून ठेवली एवढंच. तेव्हा ‘अमुक अब्ज आले’ ऐकलं की पहिला प्रश्न: आले म्हणजे काय आले? यंत्रं, की फाइल? चालू कंपनी विकत घेतली तरी आकडा तोच लागतो, आणि नोकऱ्या कदाचित कमीच होतात.

पाणचक्की

आणि विस्कॉन्सिन? तिथे तर कागदी काही नव्हतं, जमीन, रस्ते सगळं खरं.

जुनी_वही

हो, आणि तिथेच चूक समजते. राज्याच्या करसवलती बऱ्याच अंशी ‘आधी नोकऱ्या दाखवा, मग पैसे’ अशा होत्या, म्हणून ते ३ अब्ज वाचले. नव्या करारात तर कमाल ८ कोटी डॉलर. पण माउंट प्लेझंट नावाच्या छोट्या गावाने जमीन ताब्यात घेतली, घरं पाडली, पाण्याच्या वाहिन्या टाकल्या, रस्ते रुंद केले. तो खर्च आधी झाला. राज्याने अट घातली, गावाने भरवसा ठेवला. नंतर त्याच परिसरातली बरीच जागा मायक्रोसॉफ्टने डेटा सेंटरसाठी घेतली. जागा सत्कारणी लागली म्हणा, पण डेटा सेंटरला बांधताना माणसं लागतात, चालवताना फार थोडी.

सवलतींचा हिशेब नेहमी एका नोकरीमागे करावा. १९९३ मध्ये अलाबामाने मर्सिडीजला सुमारे २५.३ कोटी डॉलरच्या सवलती दिल्या, वायदा १,५०० नोकऱ्यांचा. म्हणजे नोकरीमागे १ लाख ६८ हजार डॉलर. तेव्हा खूप टीका झाली. पुढे कारखाना वाढला, होंडा आणि ह्युंदाईही त्या राज्यात आल्या. आता कोणी म्हणेल ते २५ कोटी वसूल झाले. कोणी म्हणेल होंडा तशीही आली असती. ‘तशीही आली असती का’ याचं उत्तर कंपनीला माहीत असतं, आणि ती सांगत नाही. आम्हीही कधी सांगितलं नाही. जागा ठरल्यानंतरही आम्ही दुसऱ्या नंबरच्या ठिकाणाशी दोन महिने बोलत राहिलो होतो, पहिल्याने हात सैल सोडावा म्हणून. आता निवृत्त झाले म्हणून लिहितेय.

सावली

बापरे. म्हणजे त्या दुसऱ्या गावात लोक वाट बघत असतील.

जुनी_वही

हो. असणारच.

दुभाष्या

अवांतर: विमानात कोण बसतं यावरही लिहायला हवं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात वाणिज्यमंत्री रॉन ब्राऊन यांनी असे दौरे धडाक्याने काढले. पक्षाला देणग्या देणाऱ्यांना जागा मिळतात असे आरोप झाले, प्रकरण कोर्टात गेलं. एप्रिल १९९६ मध्ये क्रोएशियातल्या अशाच दौऱ्यात दुब्रोव्हनिकजवळ त्यांचं विमान डोंगरावर आदळलं आणि विमानातले सगळे ३५ जण गेले. त्यांच्यामागून वर्षभराने आलेल्या मंत्र्यांनी दौरे महिनाभर थांबवले आणि कोणाला न्यायचं याचे नियम केले: राजकीय लागेबांधे बघायचे नाहीत, कंपनीचं काम दौऱ्याच्या हेतूशी जुळलं पाहिजे. नियम साधेच आहेत, पण लिहून ठेवावे लागले.

माझ्या अनुभवात सोबत आलेल्या उद्योजकांपैकी निम्मे एकमेकांनाच भेटायला आलेले असतात. एरवी ज्या मंत्र्याची वेळ मिळत नाही तो विमानात आठ तास शेजारी. दौरा परदेशाचा, काम घरचंच.

वाटसरू

सावलींच्या ‘टिकतो का’ वर राहून राहून विचार येतोय. दक्षिण कॅरोलायनातलं स्पार्टनबर्ग बघा. कापडगिरण्यांचं गाव. तिथल्या व्यापारी मंडळाचे डिक टुकी नावाचे पदाधिकारी साठच्या दशकात युरोपातल्या यंत्रप्रदर्शनांना जाऊन कापडयंत्रं बनवणाऱ्या जर्मन, स्विस कंपन्यांना गाठत. यंत्रं विकायला गिऱ्हाईक इथेच आहे, मग दुरुस्तीचं केंद्र इथेच काढा, असा साधा मुद्दा. आलेल्या कुटुंबांना घर शोधून देण्यापासून सगळं बघत. कंपन्या छोट्या छोट्या, कोणाच्या बातम्या झाल्या नाहीत. राज्याच्या तंत्रशाळांनी कामगार शिकवून तयार ठेवले. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूने तिथे कारखाना जाहीर केला तेव्हा त्या भागात जर्मन बोलणारी माणसं आणि कुशल हात तीस वर्षांपासून होते.

गिरण्या नंतर गेल्याच.

पाणचक्की

माझा गोंधळ कमी झाला असं म्हणत नाही, पण आता बातमी वाचताना नजर कुठे जाईल ते कळलं. एक शेवटचा प्रश्न. पुढच्या वेळी आकडा जाहीर झाला आणि मला एकच अर्ज करून एकच माहिती मागता आली, तर काय मागू?

आकडेमोड

तीन दौऱ्यांआधीच्या करारांची यादी आणि त्यांतल्या प्रत्येक कंपनीने आज प्रत्यक्ष पगारावर ठेवलेली माणसं. कबूल केलेली नव्हे, पगारावरची. कंत्राटी वेगळी दाखवून.

जुनी_वही

मी वेगळं मागेन. परदेशातल्या कार्यालयात सध्या कोण आहे आणि ती व्यक्ती त्या खुर्चीत किती वर्षं आहे. आमच्या वेळी एका देशाच्या कार्यालयात चार वर्षांत पाच माणसं बदलली. प्रत्येकाला आम्ही तीच माहिती पहिल्यापासून सांगितली. पाचव्याला सांगितली नाही.

सावली

मी विचारेन, पुरवठादारांचे कामगार मोजलेत का. येताना मोजता, तर जातानाही मोजा.

तिरकस

मला फक्त एवढंच हवंय की त्या केबलचं वीजबिल शेजारच्या इमारतीने कोणाला पाठवलं.

वाटसरू

तिरकसराव, ते बिल भरणारा माणूस ज्या सरकारात असतो तिथेच लिफ्ट चालते.

तिरकस

हेही चोरलं.